सतरा नंबरचा बिल्ला

"तुम्ही इथे, मग बिल्ला कुठे?"

आमच्या विज्ञान इमारतीच्या दारात एक माणूस हा प्रश्न विचारत उभा असायचा. उजवा हात कमरेवर, डाव्या हाताचं बोट भिंतीवरच्या फळ्याकडे. कँटीनच्या मावशी चहाची किटली घेऊन आल्या तरी हाच प्रश्न, आणि एकदा खुद्द कुलगुरू आले तरी हाच. कुलगुरूंनी निमूटपणे बिल्ला लावला आणि मगच ते जिना चढले. आम्ही वरच्या कठड्यावरून बघून तोंडात पदर कोंबून हसत होतो.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल. त्याला लांबून येताना बघितलं की आपल्याला एकदम फोन आल्यासारखं करावंसं वाटतं. आमच्याकडे तो मान यांचा. तोंडावर आम्ही त्यांना सेफ्टीकाका म्हणायचो, पाठीमागे बिल्लाकाका.

आमचं विद्यापीठ नवं. शीळफाट्यावरून आत वळलं की डोंगराच्या पायथ्याशी काचेच्या चार इमारती दिसतात, त्यातली एक आमची. तिसऱ्या मजल्यावर रसायनशास्त्राची प्रयोगशाळा, आणि तिथे मी प्रयोगशाळा सहायक. म्हणजे बाटल्या भरा, बाटल्या धुवा, फुटलेल्या चंचुपात्रांची नावं लिहा आणि मुलांवर ओरडा. यातलं शेवटचं काम मला उत्तम जमतं.

काका आधी एका रसायनांच्या कारखान्यात होते. कुठल्या, ते कधी सांगत नसत. तो बंद पडून जमाना झाला होता, एवढंच कळलं. मग इकडे तिकडे सेफ्टीची कामं करत ते आमच्याकडे आले. कागदावर 'सुरक्षा अधिकारी' असल्यामुळे लोक त्यांना वॉचमन समजून गाडी कुठे लावायची ते विचारत. काका तेही सांगत आणि जाता जाता हेल्मेटचा पट्टा नीट लावायला लावत.

फळा त्यांनी स्वतः बनवला होता. प्लायवूडवर खिळ्यांच्या दोन ओळी. वरच्या ओळीवर लाल रंगात 'आत', खालच्या ओळीवर हिरव्या रंगात 'बाहेर'. खिळ्यांना लटकवलेले गोल पितळी बिल्ले. त्यांच्यावरचे आकडे त्यांनी कल्याणच्या बाजारातून, भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडून कोरून आणलेले. इमारतीत शिरताना आपला बिल्ला वर लावायचा, निघताना खाली. त्यांचा स्वतःचा एक नंबर, माझा सतरा.

"अहो काका, गेटवर हजेरीचं मशीन आहे की," मी पहिल्याच दिवशी म्हणाले. "बोट लावून येतोय ना आम्ही?"

"मशीनला वीज लागते, मॅडम. आग लागली की पहिली वीज जाते. खिळ्याला काही लागत नाही."

मी मुकाट्याने सतरा नंबर वर लावला.

पण कंटाळा यायचाच. समोरच्या टेबलावरच्या मंदाताई आणि मी, आमची पाच वाजता ठरलेली देवाणघेवाण होती. "माझा पण सरकव गं" म्हटलं की जी पुढे असेल ती दोघींचे बिल्ले खाली लावायची. एक दिवस काकांनी पकडलं. मंदाताईंच्या हातात माझा बिल्ला होता. काका भयंकर चिडले.

"दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही," ते म्हणाले. "फक्त एकाच वेळी लावायचा. तो माणूस आत अडकलाय आणि आपण त्याला शोधायला चाललोय, तेव्हा. तेव्हा काढायचा आणि खिशात टाकायचा."

"खिशात कशाला?" मी आपलं विचारलं.

"मागच्यांना कळतं, याच्यासाठी कुणीतरी गेलंय. आणि धुरात डोकं फिरतं, मॅडम. आपण कुणाला शोधायला आलोय तेच माणूस विसरतो. खिशात हात घातला की आठवतं."

आम्ही दोघींनी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि गेटबाहेर पडल्यावर त्यांची नक्कल करत डोंबिवलीच्या रिक्षापर्यंत हसत गेलो. हेही सांगायला हवं. आम्ही फार हसलो त्यांना.

माझ्या सँडलवरून त्यांनी दोन महिने जीव खाल्ला. "मॅडम, पाय उघडे आहेत." रोज. गुड मॉर्निंग म्हणावं तसं. शेवटी मी वैतागून काळे बंद बूट आणले आणि कॅम्पसवरच ठेवले. तराजूच्या खोलीत माझं टेबल होतं, त्याच्याखाली. सकाळी आल्यावर घालायचे, जाताना काढून परत सँडल. बूट पहिल्यांदा घातले त्या दिवशी काका मुद्दाम तिसऱ्या मजल्यावर चढून आले, खाली वाकून बूट बघितले आणि निघून गेले. खाली चहाला गेलेल्या मंदाताईंचा फोन आला, "काय केलंस गं? काका शीळ घालतायत."

मग नायट्रिक ॲसिडचं झालं. चूक माझीच. बूच नीट न बघता बाटली उचलली, आणि मनगटावर ओघळ आला. मी किंचाळले. काका जिन्यात कुठेतरी असावेत. ते आले कधी, माझा हात धरला कधी, मला कळलंच नाही.

"अगं पोरी, नळाखाली धर! चोळू नकोस! नुसतं पाणी!"

मॅडमची पोरी झाले ती तेव्हापासून. वय वर्षं त्रेचाळीस.

"वीस मिनिटं," ते घड्याळ बघत म्हणाले.

पाच मिनिटांतच मला हात काढावासा वाटायला लागला. सोडतील तर शपथ. मी रडत होते. मुलांसमोर रडत होते याचीही लाज वाटत होती. काकांनी मुलांना बाहेर काढलं, आणि माझं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून असेल, ते बोलायला लागले.

कारखान्यात ते नवीन होते तेव्हाची गोष्ट. पाळी सुटताना त्यांचा जोडीदार म्हणाला, तू हो पुढे, माझा बिल्ला सरकव, मी आलोच. यांनी सरकवला. यांचं पाऊल गेटबाहेर पडलं आणि मागे गॅस सुटला. फोरमनने फळा बघितला. सगळे बाहेर. आत कुणी गेलंच नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? दोन तासांनी सापडला."

नळ चालू होता. माझा हात त्यांच्या हातात.

"फोरमनने मला विचारलं, त्याचा बिल्ला तू हलवलास का? मी नाही म्हणालो. घाबरलो होतो. चाळीस वर्षं झाली, पोरी. त्या 'नाही'चं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही."

मग त्यांनी घड्याळ बघितलं. "झाली वीस. काढ हात."

माझ्या मनगटावर आज पिवळट डागसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, ज्याने पाणी घातलं त्याचे पाय धरा. मी पेढे नेले. काकांनी एक खाल्ला आणि म्हणाले, "बुचं बघत जा."

त्या दिवसानंतर मी त्यांना हसणं सोडलं. बिल्लाही रोज लावायला लागले. अगदी रोज. तो एक दिवस सोडून.

आता फ्रिजचं सांगते. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक जुना, घरगुती फ्रिज होता. ईथर, ॲसिटोन असल्या चटकन पेटणाऱ्या द्रवांच्या बाटल्या त्यात ठेवायचे. घरच्या फ्रिजमध्ये बारीकशी ठिणगी पडत असते, ती दुधाला काही करत नाही. पण बाटलीचं बूच सैल असेल आणि आत वाफ साठली असेल तर संपलं. काकांनी त्याबद्दल चार पत्रं लिहिली. चारही पत्रांना 'विषय विचाराधीन आहे' असं उत्तर आलं. मग ते रोज संध्याकाळी येऊन फ्रिजची बुचं स्वतःच तपासायचे. मला म्हणायचे, "विचार होईस्तोवर आपण बघू."

त्या दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा होती. ती तीनला संपली. परीक्षेसाठी माझा फोन आवाज बंद करून पर्समध्ये टाकलेला, तो तसाच राहिला. भाचीचा साखरपुडा दहा दिवसांवर आलेला, आणि ब्लाऊज नौपाड्यात शिंप्याकडे. शिंपी संध्याकाळी गावाला जाणार होता. ठाण्याची बस आमच्या मागच्या गेटला लागते. फळा पुढच्या दारात. पुढून वळसा घातला असता तर चार मिनिटं गेली असती, बस गेली असती.

मी बूट काढले, सँडल घातले आणि मागच्या जिन्याने उतरले. मनात म्हटलं, उद्या काकांचं ऐकून घेऊ.

त्यानंतरचं सगळं मला मंदाताईंनी सांगितलं. चारच्या सुमाराला फ्रिजचा स्फोट झाला. आग फार मोठी नव्हती, धूर मात्र भयंकर. काकांनी वरून खालपर्यंत एकेक खोली वाजवत सगळ्यांना उतरवलं. मुलं, मास्तर, मावशी, सगळे अंगणातल्या बदामाखाली. ज्याने त्याने उतरताना आपापला बिल्ला खाली लावलेला. काकांनीही. तेवढं त्यांनी आमच्या अंगात मुरवलं होतं. वरच्या ओळीत एकच बिल्ला राहिला. बदामाखालून त्याचा आकडा कुणाला दिसत नव्हता.

"सतरा!" काका ओरडले. "सतरा कुठाय?"

मंदाताईंनी फोन लावला. एकदा, दोनदा, दहादा. मी उचलत नव्हते.

"ती गेली असेल हो काका," मंदाताई म्हणाल्या.

"फळा म्हणतो आत आहे. फोन उचलत नाही म्हणजे पडली असेल."

बंब शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला. काकांनी टॉवेल भिजवून तोंडाला बांधला. फळ्यावरचा स्वतःचा एक नंबर खालून काढून वरच्या ओळीत लावला. नियम म्हणजे नियम. मग वळून मंदाताईंना म्हणाले, "कुणाला मागून येऊ देऊ नका," आणि जिना चढले.

त्या वेळी, मी नंतर सगळ्या वेळा जुळवून पाहिल्यात, मी नौपाड्यात शिंप्याशी ब्लाऊजच्या बाहीवरून भांडत होते. बाही घट्ट झाली होती.

जवानांना काका तराजूच्या खोलीत सापडले. माझ्या टेबलाखाली अर्धे शिरलेले.

हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी त्यांना थोडा वेळ बोलता आलं. मी तीन दिवस बाहेरच्या बाकावर होते. आत सोडलं तेव्हा आमचे विभागप्रमुख सर पलंगाच्या पायाशी वही घेऊन उभे होते. चौकशी समितीने त्यांना जबाब घ्यायला सांगितलं होतं. मला बघितलं आणि काकांचे डोळे भरले. देवाशप्पथ सांगते, त्या माणसाच्या चेहऱ्यावर फक्त आनंद होता.

"होतीस कुठे गं?"

"बाहेर होते काका. ठाण्याला गेलेले."

"बूट दिसले तुझे. धुरात नुसते बूट दिसले. वाटलं, पलीकडे पडलीयस." त्यांना धाप लागली. नर्स पुढे आली, त्यांनी हाताने थांबवलं. "आणि बिल्ला?"

सरांनी वहीतून मान वर केली.

मला ते नळाखालचं सगळं आठवत होतं. एकेक शब्द आठवत होता. तरी माझ्या तोंडून निघालं, "सरकवला होता काका. बाहेर लावला होता."

काका माझ्याकडे बघत राहिले. मग मान वळवून सरांना म्हणाले, "लिहून घ्या सर. फळा वाचायला माझी चूक झाली. डोळे गेलेत माझे."

सरांनी लिहून घेतलं. मी तिथे उभी होते. मी ते लिहू दिलं.

पाचव्या दिवशी काका गेले.

अहवाल आला. फ्रिजबद्दल एक ओळ होती. सतराचा बिल्ला फळ्यावर सापडलाच नव्हता, तो धावपळीत कुठेतरी पडला असेल असं समितीने धरलं. खाली ठळक अक्षरांत, सुरक्षा अधिकाऱ्याने दृष्टिदोषामुळे फलक चुकीचा वाचला व अनावश्यक जोखीम पत्करली. कँटीनमध्ये लोक हळहळले. "बिचारे. वय झालं होतं. डोळ्यांनी धड दिसत नसलेल्या माणसाला ठेवावंच कशाला?" कुणीतरी असं म्हणालं आणि मी हातातला चहा तसाच ठेवून उठले. जेवण जात नव्हतं, आणि भाचीच्या साखरपुड्याला तो ब्लाऊज मी घातला नाही. पण हे काही प्रायश्चित्त नव्हे, मलाही कळतं.

महिन्याभराने मी त्यांच्या घरी गेले. शीळफाट्याच्या अलीकडे, चाळीतली दोन खोल्यांची जागा. काकूंना हॉस्पिटलात लांबूनच बघितलं होतं, बोलत होते ते आज पहिल्यांदाच. लहानखुऱ्या, शांत बाई. भिंतीवर काकांचा फोटो, आणि दाराशी वाळूची लाल बादली. घरातसुद्धा! मला हसू आलं आणि त्याच्यामागोमाग रडू.

"लोक म्हणतात, त्यांचे डोळे गेलेले," काकू म्हणाल्या. "असं कसं हो म्हणतात? माझ्या सुईत दोरा तेच ओवून द्यायचे. गेले त्या आठवड्यापर्यंत."



काकूंनी माझं नाव विचारलं, मग नंबर विचारला. सतरा म्हटल्यावर त्या उठल्या आणि देव्हाऱ्याच्या फडताळातून रुमालाची एक पुरचुंडी काढली. हॉस्पिटलने काकांचे कपडे पिशवीत घालून दिले होते. सदऱ्याच्या खिशात हे होतं.

पितळी बिल्ला. धुराने काळा पडलेला. सतरा.

आता तुम्हाला कळलं असेल. मला तिथे, त्या चटईवर बसल्यावर कळलं. त्यांनी फळा लांबून वाचलाच नव्हता. माझा बिल्ला त्यांनी स्वतःच्या हाताने वरच्या ओळीतून काढून घेतला होता. खालच्या ओळीत असता तर काढलाच नसता. मी हॉस्पिटलात खोटं बोलत होते तेव्हा, मी खोटं बोलतेय हे त्यांना माहीत होतं. पूर्णपणे माहीत होतं. आणि त्यांनी सरांना आपल्या डोळ्यांची चूक लिहून घ्यायला सांगितलं.

"शुद्धीत होते तेव्हा म्हणाले," काकू सांगत होत्या, "ती येईल, तिच्याच हातात दे. दुसऱ्या कुणाकडे देऊ नकोस. बिल्ला बघितला की तिला कळेल. आणि जास्त बोलू नकोस, पोरगी घाबरट आहे."

मी काकूंच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. "मी सरकवला नव्हता हो काकू. चार मिनिटं वाचवायला मागून गेले. आणि मग खोटं बोलले." हेच पुन्हा पुन्हा.

काकूंनी हात फिरवला नाही, डोकं बाजूलाही केलं नाही. मग म्हणाल्या, "उठा आता. तोंड धुवा. हे बाहेर सांगाल ना?"

"सांगते."

"मग चहा ठेवते."

दुसऱ्या दिवशी मी लेखी जबाब दिला. सर म्हणाले, "आता कशाला? फाईल बंद झाली. तुमचंच नुकसान होईल." मी म्हटलं, होऊ दे. चौथ्या दिवशी नोटीस आली, तिचं काय व्हायचं ते होईल. अहवाल अजून तसाच आहे. पण पुढच्या महिन्यात नव्या अधिकाऱ्यांनी बदामाखाली सगळ्यांना जमवलं, आगीचा सराव करायला, तेव्हा मी न विचारताच पुढे गेले. दोनशे माणसं होती. मी म्हटलं, "काकांनी फळा बरोबर वाचला होता. डोळे त्यांचे चांगले होते. बिल्ला मी हलवला नव्हता, आणि त्यांच्यासमोर मी खोटं बोलले." मंदाताई आल्या आणि शेजारी उभ्या राहिल्या.

विद्यापीठाने आता नवा फ्रिज आणलाय, ठिणगी न पडणारा. नवे अधिकारी तरुण आहेत, चांगले आहेत. फळा त्यांनी ठेवला. फक्त एक दिवस वरच्या ओळीतला काकांचा एक नंबर काढायला त्यांनी हात पुढे केला, आणि मी ओरडले. "हात लावू नका!" ते दचकले. मग मी त्यांना नियम सांगितला.

काका आत जाताना तो वर लावून गेले होते. खाली लावायला परत आले नाहीत. मंदाताई म्हणतात, किती दिवस तो असा 'आत' ठेवणार? दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात फक्त एकाच वेळी लावायचा असतो, त्याला शोधायला आत जाताना. माझ्यासाठी ते गेले. त्यांच्यासाठी मी कुठे जाऊ?

रोज पाच वाजता मी पुढच्या दाराने निघते. ठाण्याची बस चुकते, चुकू दे. माझा काळा पडलेला सतरा नंबर घासून लख्ख करावा असं मंदाताईंना वाटतं, मी करत नाही. तो खालच्या ओळीत लावते. मग थोडा वेळ त्या एक नंबरासमोर उभी राहते. कुणीतरी पाठीमागून विचारेल, तुम्ही इथे, मग बिल्ला कुठे, म्हणून वाट बघते. मग घरी जाते.